दुबार नोंद

दोन वाजता गव्हर्नर बोलायचे,
म्हणून माझा आकडा दीडला तयार लागायचा.
हॅरिसबर्गमध्ये एप्रिल होता. खिडकीतून
कॅपिटॉलचा हिरवा घुमट, ओस पडलेलं पार्किंग
आणि ट्यूलिप,
ज्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं.

सदुसष्ट काउंट्या. त्यातल्या कितीतरी
अजून फॅक्सच करायच्या.
कागद यायचा तव्यावरून उतरल्यासारखा गरम,
एका कडेला शाई फासलेला:
वय, लिंग, काउंटी, तारीख.
नावावर काळी पट्टी.
खासगीपण जपायचं असतं, मेल्यावरसुद्धा.
मी वाचायचे, डोलोरेस वेनरिक टाइप करायची,
खोलीच्या त्या टोकाला, मास्क लावून,
त्यामुळे सिक्स्टीन की सिक्स्टी
हे मी बोटांनी दाखवायचे.

"तू नक्की काय करतेस गं तिथं?" आई फोनवर.
मोजते.
"आणि?"
आणि वर पाठवते.
आमच्या घरी पंगतीत माणसं मोजत नसत,
पानं मोजत. माणसं मोजली की कमी होतात म्हणे.
आई तेच आठवून गप्प झाली असावी.
मग म्हणाली, जेवलीस का.

गव्हर्नर चांगले बोलायचे, खरंच.
ओरडायचे नाहीत, छाती फुगवायचे नाहीत.
आकड्याच्या आधी घोटभर पाणी प्यायचे.
शेजारी काळ्या शर्टातला दुभाषा, हातांनी बोलणारा.
घरी थांबा, म्हणायचे त्याचे हात,
आणि छपरासारखे जुळायचे.

सोमवारी दोन कागद आले.
एकसष्ट, स्त्री, डॉफिन काउंटी, अकरा एप्रिल.
एकसष्ट, स्त्री, डॉफिन काउंटी, अकरा एप्रिल.
एकच हॉस्पिटल.
यंत्र अडकायचं, तिकडचा कारकून पुन्हा पाठवायचा,
रोजचंच होतं.
नियम होता: चारही रकाने जुळले की एक ठेवा.
मी लिहिलं: दुबार नोंद, वगळली.
वाजला होता एक पंचवीस.

गुरुवारी डोलोरेस दारातच थांबली.
ओडेसा गेली, म्हणाली. खालची.
खालची म्हणजे कँटीनमधली ओडेसा टिल्मन,
जी नऊ वर्षं मला नेट्रा म्हणायची
आणि कोंबडी घालण्याआधी
एक वाटी सूप बाजूला काढून ठेवायची.
कँटीनला मार्चपासून कुलूप.
ती कुठं असेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.
वय काय होतं गं तिचं?
एकसष्ट.
कधी?
शनिवारी.

शनिवारी अकरा तारीख होती.

फाइल काढली. दोन कागद शेजारी ठेवले.
कोपऱ्यात बारीक वेळ: नऊ बारा. नऊ चाळीस.
हॉस्पिटलला फोन लावला, बावीस मिनिटं
पियानो ऐकला.
बाई म्हणाली, नाही हो, दोन होत्या.
दोन बायका, दोन खाटा.
यातली कुठली कोण?
ते मी सांगू शकत नाही, मॅडम.
बरोबर होतं तिचं. मीही सांगितलं नसतं.

म्हणजे एक मी मोजली
आणि एक मी पुसली,
आणि माझ्यासाठी सूप काढून ठेवणारी
यातली कुठली,
हे पेनसिल्व्हेनिया राज्याला माहीत नाही.

शुक्रवारी गव्हर्नर पाणी प्यायले.
नवा आकडा. मग, सोमवारच्या आकड्यात
एकाची दुरुस्ती आहे, म्हणाले,
आणि कागदावर पुढची ओळ शोधू लागले.
आवाज मी बंदच ठेवला होता. वाक्य माझंच होतं,
मीच लिहून दिलेलं.
दुभाष्यानं एक बोट वर केलं.
ओळ सापडेपर्यंत ते तसंच राहिलं, हवेत,
साऱ्या राज्यासमोर, ताठ.
डोलोरेसनं टायपिंग थांबवलं.

मग हात खाली आला
आणि शाळांबद्दल सांगू लागला.